मॉरिशसच्या लगूनमध्ये शिडाची बोट : कोल्हापूरहून प्रथमच जाणाऱ्यांसाठी

राजाराम बंधाऱ्यावर पोहायला शिकलेल्या प्रत्येक मुलाला घरातून एक ताकीद हमखास मिळालेली असते : बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) काढलेल्या गाळ्याच्या जवळ जायचे नाही. अडवलेले पाणी वरून कितीही निवांत दिसले, तरी ज्या गाळ्यातून ते खाली सुटते तेथील ओढ चांगल्या पोहणाऱ्यालाही आवरत नाही. मॉरिशसला जाऊन आपल्या कुटुंबापुरती शिडाची बोट ठरवायची आणि दिवसभर लगूनमध्ये हिंडून पोहायचे, असा बेत असेल, तर हीच ताकीद बरोबर न्यावी. कारण लगून म्हणजे प्रवाळाने बांधलेला कोल्हापूर पद्धतीचा बंधाराच आहे.

बेटाभोवती, किनाऱ्यापासून काही अंतरावर, प्रवाळाची रांग पाण्याच्या जवळजवळ पृष्ठभागापर्यंत वाढलेली असते. बाहेरून येणारी हिंदी महासागराची लाट या रांगेवर फुटते आणि आत उरते ते उथळ, नितळ आणि फिकट निळे पाणी. त्यालाच लगून म्हणतात. पुष्कळ ठिकाणी त्याची खोली एक ते तीन मीटरच असते. मात्र लाटांबरोबर रांगेवरून आत आलेले पाणी कोठून तरी बाहेर पडावेच लागते, आणि ते रांगेतील खिंडींमधून बाहेर पडते. तेथील लोक या खिंडीला ‘पास’ म्हणतात. नदीच्या गोड्या पाण्यात प्रवाळ वाढत नसल्यामुळे अशा खिंडी बहुधा नद्यांच्या मुखांसमोर आढळतात. आपल्या बंधाऱ्याचा उघडा गाळा तो हाच. लगूनमध्ये दिशा, वेळ, बोट थांबवण्याची जागा आणि पोहण्याचा मार्ग या सर्व गोष्टी या एका प्रश्नावर ठरतात : पाणी कोणत्या बाजूला चालले आहे?

थोडे विषयांतर करून सांगतो. ज्या काळ्या दगडावर पन्हाळा उभा आहे तो दख्खनचा लाव्हा आणि मॉरिशस बेटाचा लाव्हा हे दोन्ही पृथ्वीच्या पोटातील एकाच उष्ण स्रोतातून, कोट्यवधी वर्षांच्या अंतराने, बाहेर आले, असे भूशास्त्रज्ञ सामान्यतः मानतात. तेथील किनाऱ्यावरचा काळा कातळ पाहून आपल्याला ओळखीचे काही दिसल्यासारखे वाटते, ते अगदीच उगाच नव्हे.

महिना आणि किनारा एकत्रच ठरवावा

मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे 20 अंशांवर आहे, म्हणून तेथील ऋतू आपल्या उलट चालतात. नोव्हेंबर ते एप्रिल हा उष्ण आणि दमट काळ असतो. त्यातही जानेवारी ते मार्च या महिन्यांत चक्रीवादळाची शक्यता अधिक असते. जून ते सप्टेंबर हिवाळा असतो आणि त्या काळात आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे जोरात वाहतात. समुद्राच्या पाण्याचे तापमान हिवाळ्यात 22–23 अंश सेल्सियसपर्यंत उतरते, तर उन्हाळ्यात 27–28 पर्यंत जाते. नवशिक्यांना यांच्या मधले महिने, म्हणजे एप्रिलचा शेवट, मे, ऑक्टोबर आणि नोव्हेंबर, सर्वांत सोयीचे असतात. आपल्याकडील उन्हाळी आणि दिवाळीच्या सुट्ट्या त्याच सुमारास येतात, हा योग चांगलाच म्हणावा लागेल.

आम्ही प्रथम गेलो ते जुलैमध्ये, आणि कोल्हापुरात बसून पूर्व किनाऱ्यावरची बोट ठरवून मोकळे झालो. पूर्व किनारा छायाचित्रांत अप्रतिम दिसतो आणि प्रत्यक्षातही तो तसाच आहे; परंतु जुलैचा वारा थेट त्याच किनाऱ्यावर येऊन आदळतो, हे आम्हाला कोणी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. बारा जणांपैकी सात जण दुपारपर्यंत आडवे झाले होते. त्याच दिवशी डोंगरांच्या आडोशाला असलेल्या पश्चिम किनाऱ्यावर पाणी शांत असल्याचे संध्याकाळी हॉटेलात कळले, तेव्हा कोणाच्याही अंगात हळहळण्याइतकेसुद्धा त्राण नव्हते.

म्हणून आधी महिना, मग वाऱ्याची दिशा आणि त्यानंतर किनारा, असा क्रम ठेवावा. हिवाळ्यात जाणाऱ्यांनी पश्चिमेकडील इल ओ बेनितिए या बेटाच्या आसपासचा भाग निवडावा. नैर्ऋत्येच्या टोकाशी मात्र, ल मोर्न पर्वताजवळ, वारा एवढा भरून येतो की काइटसर्फिंग (मोठ्या पतंगाच्या ओढीने पाण्यावर फळीवरून सरकण्याचा खेळ) करणारे मुद्दाम तेथे जमतात. त्या टोकाला वळसा घालण्याचा हट्ट नवख्यांनी करू नये. वारा मंद असलेल्या दिवसांत पूर्वेकडील त्रू दो दूस या गावाहून इल ओ सेर्फ बेटाकडे जाणारा मार्ग लगूनमध्ये शिडाने फिरण्यासाठी मनासारखा आहे. दक्षिण किनाऱ्यावर ग्री ग्री येथे प्रवाळाची रांगच नाही, त्यामुळे तेथे समुद्र उघडा येऊन कड्यावर आपटतो. ती जागा पाहण्याची आहे, पोहण्याची नव्हे.

उत्तरेच्या बेटांच्या सहलीविषयी नवखे लोक सर्वाधिक फसतात. ग्रां बे येथून क्वँ द मीर, फ्लॅट आयलंड आणि गॅब्रिएल आयलंड या बाजूला जाणाऱ्या बोटी पुष्कळ आहेत, आणि गॅब्रिएलजवळ पोहण्याजोगे सुंदर उथळ पाणीही आहे. परंतु तेथवर पोहोचण्यासाठी प्रवाळाच्या रांगेबाहेर जाऊन उघडा समुद्र ओलांडावा लागतो. घरात लहान मुले, वयस्कर माणसे किंवा घाटातील एस.टी.त उलटी होणारे कोणी असेल, तर पहिल्या खेपेस ही सहल टाळलेली बरी.

बोट ठरवताना

शिडाच्या बोटी ढोबळमानाने दोन प्रकारच्या मिळतात. एकाच सांगाड्याची बोट वारा भरला की एका बाजूला कलते, आणि तिच्यातच शिडाच्या बोटीची खरी गंमत कळते, असे जाणकार सांगतात. कॅटामरान म्हणजे शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन लांबट होड्या आणि त्यांच्यावर टाकलेली ऐसपैस पडवी. ती फारशी कलत नाही, तिला कमी पाणी पुरते, त्यामुळे ती उथळ लगूनमध्ये आतवर जाऊ शकते आणि पाण्यात उतरण्यासाठी तिला मागच्या बाजूला पायऱ्या असतात. कुटुंबासह जाणाऱ्यांनी दुसरा विचार न करता कॅटामरान घ्यावी, असे माझे मत आहे.

व्यवहार करताना संकोच बाळगू नये. प्रवाशांना फिरवणाऱ्या बोटींना मॉरिशसच्या पर्यटन प्राधिकरणाचा परवाना लागतो; तो दाखवण्यास सांगावे आणि त्यावरील प्रवाशांची कमाल संख्या आपल्या मंडळींशी ताडून पाहावी. लहान मुलांच्या मापाची लाइफ जॅकेट्स आहेत का, पोहण्याच्या वेळी एक खलाशी पाण्याकडे लक्ष ठेवून उभा राहतो का, हवामान बिघडल्यास पैसे परत मिळतात की दिवस बदलून मिळतो, आणि ‘स्वतंत्र’ बोट म्हणजे खरोखर फक्त आपली मंडळी की ऐनवेळी आणखी चौघांना चढवले जाणार, हे प्रश्न लेखी विचारावेत आणि उत्तरही लेखीच घ्यावे. आणखी एक प्रश्न फारसे कोणी विचारत नाही. पुष्कळ बोटी शीड गुंडाळून ठेवतात आणि दिवसभर इंजिनावरच चालतात, कारण त्यात वेळ वाचतो. आपल्याला शिडावर जायचे असेल तर किमान एका दिशेचा प्रवास इंजिन बंद ठेवून करावा, असे आधीच ठरवून घ्यावे.

भावाच्या बाबतीत एक गोंधळ हमखास होतो. तेथील चलनही रुपयाच आहे आणि तेथील नोटांवर देवनागरी अक्षरेही आहेत. पण मॉरिशसचा एक रुपया आपल्या जवळजवळ दोन रुपयांच्या घरात जातो. कोल्हापुरी मनुष्य फोनवर आकडा ऐकून ‘स्वस्तच आहे की’ म्हणतो आणि नंतर हिशेब करत बसतो. आकडा कोणत्या रुपयात आहे, त्यात जेवण, मास्क आणि कर धरले आहेत का, हे विचारावे. फेब्रुवारी 2024 पासून तेथे यूपीआयने पैसे देण्याची सोय सुरू झाली आहे, पण बोटवाल्यांकडे ती असेलच असे धरून चालू नये. भारतीय पर्यटकांना आगाऊ व्हिसा काढावा लागत नाही. प्रवासाचा विमा घेताना मात्र त्यात पाण्यातील खेळ समाविष्ट आहेत का, हे बारकाईने वाचावे.

दुपारचे जेवण बहुधा बोटीवरच निखाऱ्यांवर भाजून देतात, आणि ते मासे व कोंबडी यांचे असते. शाकाहारी मंडळी असतील तर आदल्या दिवशी पुन्हा एकदा कळवावे. अन्यथा पाव आणि काकडी-टोमॅटो यांवर दिवस काढावा लागतो.

कोल्हापुरातच उरकण्याची तयारी

पाठीला डबा किंवा कमरेला पांगाऱ्याचा ओंडका बांधून विहिरीत ढकलले गेलेली पिढी आपल्याकडे अजून आहे, आणि वीरधवल खाडे याच्यासारखा 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उतरलेला जलतरणपटूही याच गावचा. त्यामुळे ‘आम्हाला पोहणे कोणी शिकवायचे’ हा रुबाब समजण्यासारखा आहे. परंतु विहिरीत काठ चार हातांवर असतो आणि पंचगंगेत प्रवाहाची दिशा जन्मापासून ठाऊक असते. लगूनमध्ये काठ म्हणजे बोट, आणि ती वाऱ्यावर फिरत असते.

जाण्यापूर्वी महिनाभर जलतरण तलावावर जाऊन तीन गोष्टींचा सराव करावा. न थांबता, घाई न करता, 200 मीटर पोहता आले पाहिजे. पाण्यावर उताणे पडून पाच मिनिटे निवांत राहता आले पाहिजे. खारे पाणी गोड्या पाण्यापेक्षा जड असल्याने तेथे हे काम उलट सोपे होते. तिसरी गोष्ट म्हणजे मास्क आणि श्वासाची नळी लावून तोंडाने श्वास घेण्याची सवय. पहिल्या पाच मिनिटांत जीव घाबरतो तो पाण्यामुळे नव्हे, तर नाक बंद असल्यामुळे, आणि ही घाबरगुंडी परदेशात जाऊन उडवून घेण्यापेक्षा आपल्या तलावात उडालेली परवडते. ज्यांना पोहता येत नाही त्यांनी हिरमुसू नये; लाइफ जॅकेट घालून, दोर धरून, कमरेएवढ्या पाण्यातही प्रवाळावरचे मासे दिसतात.

मास्क चेहऱ्याला बसतो की नाही, हे पाहण्याची रीत सोपी आहे. पट्टा डोक्यामागे न घालता मास्क नुसता चेहऱ्यावर टेकवावा आणि नाकाने हलकेच श्वास आत ओढावा. हात सोडल्यावरही तो चिकटून राहिला तर माप योग्य आहे. आमच्या मेहुण्यांच्या झुपकेदार मिशांनी मात्र या परीक्षेत कोणताच मास्क उत्तीर्ण होऊ दिला नाही, कारण केसांमधून पाणी आत झिरपते. मिशांच्या वरच्या कडेला व्हॅसलीनचा थर दिल्यावर त्यांचे काम भागले. मिशी कापण्याचा सल्ला देण्याचे धैर्य घरात कोणाला झाले नाही.

कपड्यांत सुती पंजाबी ड्रेस किंवा जीन्स पाण्यासाठी नेऊ नये, कारण भिजल्यावर त्यांचे वजन हातपाय अडवते. पूर्ण बाह्यांचा, अंगाला बसणारा पोहण्याचा सदरा आणि पायघोळ पोहण्याची विजार सर्वांना, स्त्रियांनाही, सोयीची पडते आणि उन्हापासूनही वाचवते. पोहताना पाठ तासभर आभाळाकडे असते आणि पाण्याच्या गारव्यामुळे ऊन कळतच नाही. म्हणून मान, कान आणि पोटऱ्यांचा मागचा भाग सनस्क्रीन लावताना विसरू नये. मंगळसूत्र, अंगठ्या आणि साखळ्या हॉटेलच्या तिजोरीत ठेवाव्यात. कोल्हापुरी चप्पल खाऱ्या पाण्यात एका दिवसात कामातून जाते; तिच्याऐवजी रबरी तळव्याचे पाण्यात घालायचे बूट घ्यावेत. बोटीवर मात्र सगळेच अनवाणी वावरतात.

ज्यांना बोट लागते त्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी आणि ती निघण्याच्या तासभर आधी घ्यावी, कारण मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. आलेपाकाच्या वड्या खिशात असाव्यात. आदल्या रात्री तर्रीदार जेवण आणि सकाळी उपाशी पोट, या दोन्ही टोकांपासून दूर राहावे. कोरडा, साधा नाश्ता सर्वांत चांगला.

बोटीवर

कोल्हापूरहून रेल्वेने मुंबई आणि तेथून थेट विमानाने सुमारे सहा तासांत मॉरिशस, असा प्रवास होतो. तेथील घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. पोहोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी बोट ठरवू नये. एक दिवस विश्रांतीला ठेवला म्हणजे समुद्र अंगाला मानवतो. चक्रीवादळाचा इशारा तेथे चार श्रेणींमध्ये दिला जातो. पहिली श्रेणी लागू असली तरी बेत पुढे ढकलावा, मग बोटवाला काहीही म्हणो.

सकाळी बोटीवर चढताच तांडेलाशी, म्हणजे बोटीच्या प्रमुखाशी, दोन मिनिटे बोलावे. त्याची भाषा क्रिओल (तेथील बोली) किंवा फ्रेंच असली तरी इंग्रजी आणि मोडक्यातोडक्या हिंदीवर काम भागते. मॉरिशसमध्ये एकोणिसाव्या शतकात गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज मोठ्या संख्येने आहेत आणि गणेश चतुर्थीच्या निमित्ताने तेथे सार्वजनिक सुट्टी असते, त्यामुळे खलाशांत एखादा मराठी आडनावाचा निघालाच तर नवल वाटू नये. तांडेलाला विचारायचे ते एवढेच : आज वारा कोठून आहे, पास कोणत्या बाजूला आहे आणि पोहायला कोठे थांबणार आहोत.

शिडाची बोट वाऱ्याच्या अगदी तोंडावर जाऊ शकत नाही. वाऱ्याच्या दिशेपासून साधारण 45 अंशांचा कोन ठेवून, एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे अशी नागमोडी चढण चढावी तशी ती पुढे सरकते. प्रत्येक वळणावर शिडाच्या तळाचा आडवा दांडा, ज्याला बूम म्हणतात, एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला झपकन जातो. तांडेलाने हाक दिली की जेथे असाल तेथे बसावे. फोटोसाठी उभे राहणाऱ्याच्या डोक्याला हा दांडा ओळख दाखवत नाही. एक हात नेहमी बोटीचा, हा नियम मुलांना पहिल्या मिनिटालाच सांगावा. पुढच्या बाजूला ताणलेल्या जाळीवर पालथे पडून खालून सरकणारे पाणी पाहणे हे या सहलीतील माझ्या मते सर्वांत मोठे सुख आहे, पण बोट वेगात असताना मुलांना तेथे एकटे सोडू नये.

पाण्यात

बोट थांबली की लगेच उडी मारण्याची घाई करू नये, आणि सूर तर मुळीच मारू नये. पाणी इतके स्वच्छ असते की खालचा प्रवाळ किती खोलीवर आहे याचा अंदाज वरून नीट येत नाही. विहिरीत मुटका मारणाऱ्यांनी हा छंद येथे आवरता घ्यावा. आधी नांगराच्या दोराकडे पाहावे. नांगर वाळूत टाकला आहे की बोट बोयाला (तळाशी जखडलेल्या तरंगत्या पिंपाला) बांधली आहे, याची खात्री करावी; प्रवाळावर नांगर टाकणारा तांडेल माणसांचीही फारशी काळजी घेत नाही, असा माझा ठोकताळा आहे. मग बोटीमागे सोडलेला तरंगता दोर पाहावा. तो ज्या बाजूला ताणला जातो, त्याच बाजूला आपणही वाहत जाणार असतो. दोर सोडलेला नसेल तर सोडण्यास सांगावे.

पोहायला सुरुवात नेहमी त्या दोराच्या उलट दिशेने, म्हणजे पाण्याच्या ओढीविरुद्ध, करावी. ताजे असताना कष्टाचे अंतर कापले म्हणजे दमल्यावर पाणीच आपल्याला बोटीकडे आणून सोडते. दुसऱ्या सहलीत हा नियम मला पाठ होता, तरीही एका पोपटी माशाच्या मागे लागून मी वीस-पंचवीस हात मारण्याइतका वेळ खाली मान घालून ओढीबरोबर गेलो. मान वर केली तेव्हा बोट हातभर लहान दिसत होती. परत फिरून नेटाने हात मारू लागलो आणि खालची प्रवाळाची एकच शिंगासारखी फांदी बराच वेळ माझ्या छातीखाली तशीच राहिली, तेव्हा आपण जागच्या जागी आहोत हे कळले. तांडेल ओरडला नाही. त्याने शांतपणे नारिंगी बोया बांधलेला दोर पाण्यात सोडला, तो ओढीबरोबर डुलत डुलत माझ्या हातापर्यंत आला, आणि त्याने मला बादली शेंदावी तसे ओढून घेतले.

अशी वेळ आल्यास ओढीशी झुंजू नये. उताणे व्हावे, एक हात वर करावा आणि हाक मारावी. ओढीला आडवे, शांत पाण्याकडे सरकता येत असेल तर सरकावे. जोडीदाराशिवाय कोणीही पाण्यात उतरू नये. जेवणानंतर बोटीवर रमचे पेले फिरतात. ज्याने एक घेतला त्याचे त्या दिवसाचे पोहणे संपले, असे समजावे.

तळाला पाय टेकू नयेत. पायाखाली प्रवाळ मोडतोच, शिवाय खाचांमध्ये काळ्या लांब काट्यांचे समुद्री साळू असतात आणि क्वचित दगडासारखा दिसणारा विषारी स्टोनफिशही असतो. त्याचा काटा लागल्यास असह्य वेदना होतात. सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवल्याने वेदना कमी होतात, पण रुग्णालयात नेण्यास त्यामुळे उशीर करू नये. तेथील रुग्णवाहिका सेवेचा क्रमांक 114 आहे. ज्याला काटा लागला त्या पायाला भाजण्याइतके गरम पाणी कळत नाही, म्हणून ते दुसऱ्याने आधी स्वतःच्या हातावर तपासून घ्यावे.

बोटीवर परत चढताना बहुतेक जण पायातील पंखांसह (पोहण्यासाठी पायात घातलेल्या रबरी फिन्ससह) शिडी चढू पाहतात आणि मागे कोसळतात. शिडी एका हाताने धरावी, पाण्यातच दोन्ही पंख काढून वर द्यावेत आणि मगच पाय पायरीवर ठेवावा. बोट हलत असते, म्हणून ती खाली येईल त्या क्षणी पायरी पकडावी. वर उचलली जाणारी बोट मग आपल्यालाही उचलून घेते.

परत येताना

प्रवाळाचा तुकडा किंवा शंख मुलांच्या पिशवीत शिरला आहे का, हे उतरण्याआधी पाहावे, कारण प्रवाळाच्या व्यापारावर आणि वाहतुकीवर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत आणि विमानतळावर तो निघाला तर उत्तर पालकांना द्यावे लागते. खलाशांना बक्षिसी सगळ्यांच्या वतीने एकत्र, तांडेलाच्या हाती द्यावी. हॉटेलवर पोहोचताच मास्क गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावा. कानात पाणी राहिले असेल तर काडी न घालता मान कलती करून ते निथळू द्यावे, आणि झोपण्यापूर्वी भरपूर पाणी प्यावे. पाण्यात राहूनही शरीर कोरडे पडलेले असते, हे दुसऱ्या दिवशीच्या डोकेदुखीवरून कळते.